वर्डमध्ये ≈, ≥, → झटकन आणायचे तर

अहवालात ≈ किंवा → हवं असलं की सिम्बॉलच्या लांबलचक तक्त्यात डोळे फोडत बसावं लागतं. विंडोजवरच्या वर्डमध्ये त्याची गरज नाही. चिन्हाचा कोड टाइप करा (अंक इंग्रजीच हवेत) आणि लगेच ऑल्ट व एक्स एकत्र दाबा. कोडच्या जागी चिन्ह उमटतं.

≈ साठी २२४८
≥ साठी २२६५
→ साठी २१९२
मोठ्या डेल्टासाठी (Δ) ०३९४

कोड पाठ नाही? मग चिन्ह कुठूनतरी कॉपी करून चिकटवा आणि त्याच्या लगेच पुढे कर्सर ठेवून तेच ऑल्ट-एक्स दाबा. कोड समोर येतो. मला तर हाच भाग जास्त उपयोगी वाटतो.

कोडला चिकटून आधी एखादा आकडा असेल, तर वर्ड तोही कोडातच धरतं. अशा वेळी फक्त कोड सिलेक्ट करून मग बटणं दाबा.