ऑनलाइन शिकवायला लागताय? टूल्स निवडायच्या आधी हे वाचा

नव्याने ऑनलाइन शिकवायला लागलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न हमखास हाच असतो, कुठलं टूल घेऊ? मी बरीच वर्षं ऑनलाइन शिकवतेय, त्यात पुष्कळ टूल्स हाताळून झाली, थोडी ठेवली, बरीचशी सोडून दिली, आणि आता माझं ठाम मत झालंय की हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर यायला हवा. पहिला प्रश्न असा, की या तासात मुलं नेमकं काय करणार आहेत? बोलणार, लिहिणार, आकृती काढणार, की एकमेकांचं लिहिलेलं तपासणार? ते पक्कं झालं की टूल जवळजवळ आपोआप ठरतं, आणि ते पक्कं नसेल तर कितीही भारी ॲप घ्या, शेवटी तासभर आपण एकटेच बोलत राहतो.

सुरुवात आवाजापासून करा. सगळ्यांना घाई कॅमेऱ्याची असते, पण चित्र थोडं धूसर असेल तर मुलं चालवून घेतात, आवाज घुमायला लागला की मात्र लगेच कंटाळतात. इरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ या संशोधकांनी २०१८ मध्ये हे तपासलं होतं, तेच बोलणं खराब आवाजात ऐकवलं तर लोकांना बोलणाराही कमी हुशार वाटला आणि त्याचं संशोधनही कमी महत्त्वाचं वाटलं! साधा वायरवाला हेडफोन पुरतो, फक्त माइक तोंडाच्या अगदी समोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी थोडा बाजूला ठेवा, म्हणजे प, फ, भ म्हणताना हवेचा फटका बसत नाही. रेकॉर्डिंग करत असाल तर ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि भरपूर आहे. रेकॉर्ड दाबल्यावर लगेच बोलू नका, काही सेकंद गप्प बसा, मग तेवढाच शांत तुकडा सिलेक्ट करून नॉइज प्रोफाइल (म्हणजे खोलीतल्या घरघरीचा नमुना) घ्या, आणि मग पूर्ण रेकॉर्डिंगवर नॉइज रिडक्शन (ती घरघर कमी करणारा इफेक्ट) चालवा, पंख्याची घरघर बरीचशी जाते. जास्त जोरात लावलं तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, त्यामुळे हलक्या हाताने.

व्हिडिओ छोटे ठेवा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवरच्या ६९ लाख व्हिडिओ सेशन्सचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण जास्तीत जास्त सहा मिनिटंच बघतात. त्याच अभ्यासात हेही आलं की नुसत्या स्लाइड्सपेक्षा हाताने लिहीत लिहीत समजावलेलं लोक जास्त वेळ बघतात, आणि माझ्या वर्गातही अगदी हेच दिसतं, गणिताची पायरी पेनाने पुढे सरकताना दिसली की मुलं सोबत सरकतात. टॅबलेट नसेल तर फोन स्टँडवर कॅमेरा खाली कागदाकडे येईल असा लावा आणि कागदावर लिहा, काही अडत नाही. ओबीएस स्टुडिओ हे स्क्रीन आणि कॅमेरा रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर शिकायला थोडं किचकट वाटतं, पण चेहरा, स्क्रीन आणि कागद असे तीन सीन एकदा बनवून ठेवले की एका बटणावर बदलता येतात, मी नवीन माणसाला एकच सॉफ्टवेअर नीट शिक म्हटलं तर हेच म्हणेन. आणि स्लाइडवर जे लिहिलंय तेच वाचून दाखवू नका, प्लीज. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं मल्टिमीडिया शिक्षणावरचं (चित्र, आवाज, मजकूर एकत्र वापरून शिकवण्यावरचं) काम बघितलं तर हेच सापडतं, चित्र आणि बोलणं ही जोडी चांगली, त्यावर पुन्हा तेच वाक्य लिहून टाकलं की लक्ष फुटतं. कॅप्शन, म्हणजे बोलण्याचा खाली येणारा मजकूर, ही वेगळी गोष्ट, ती द्याच, ज्यांना ऐकू कमी येतं किंवा ज्यांच्यासाठी भाषा नवीन आहे त्यांना तीच लागते.

व्हिडिओच्या मध्ये प्रश्न टाकायचे असतील तर एचफाइव्हपी (H5P) हे टूल बघा, मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या सिस्टिममध्ये चालतं, व्हिडिओ थांबतो, उत्तर दिलं की पुढे जातो. मस्त आहे, पण प्रश्न विचार करायला लावणारा हवा, नाहीतर मुलं नुसती क्लिक करत सुटतात.

आता एकत्र काम करायची टूल्स, आणि माझ्या मते ऑनलाइन शिकवण्याचा खरा जीव इथे आहे. ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे व्हिडिओ कॉलमधल्या छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्यांमध्ये, मुलांना पाठवलं की मेन रूममध्ये शेअर केलेली तुमची स्क्रीन त्यांना सहसा दिसत नाही, मग प्रत्येक रूममध्ये पहिली काही मिनिटं "काय करायचं होतं गं?" यातच जातात. त्यावर उपाय म्हणजे एक शेअर केलेलं डॉक्युमेंट, वर सूचना, खाली टेबल, प्रत्येक गटाला एक ओळ. पहिल्या रकान्यात उत्तर, दुसऱ्यात कारण, तिसरा रकाना दुसऱ्या गटाने शंका लिहायला. तुम्ही मेन रूममध्ये बसून सगळ्या ओळी एकदम बघू शकता, कुठे कर्सर भराभर पळतोय, कुठे दोन शब्द लिहून पुन्हा खोडलेत, कुठली ओळ अजून कोरी आहे, आणि मग बरोबर त्याच रूममध्ये जायचं. कुणाची ओळ चुकून उडाली तर व्हर्जन हिस्टरीतून (डॉक्युमेंटच्या आधीच्या आवृत्त्यांमधून) परत मिळते, हे मुलांना आधीच सांगा म्हणजे लिहायला घाबरत नाहीत.

प्रश्न विचारल्यावर थांबा, खूप थांबा. शिक्षणातल्या संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांमध्ये मोजलं होतं की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब आणि चांगली येतात. ऑनलाइन त्यात नेटचा उशीर, अनम्यूट करणं, टाइप करणं हे सगळं धरा. जी मुलं बोलतच नाहीत त्यांच्यासाठी मेंटिमीटरसारख्या टूलवर नाव न दिसता उत्तर देता येईल असा पोल घ्या, कधी कधी सगळ्यात भारी शंका तिथेच येते.

टूल निवडताना अजून एक बघाच, आपला मजकूर बाहेर काढता येतो का. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला, मायक्रोसॉफ्टने फ्लिप या छोटे व्हिडिओ टाकायच्या टूलचं वेगळं ॲपही त्याच वर्षी बंद केलं, आणि त्यावर बसवलेले धडे लोकांना दुसरीकडे हलवावे लागले. म्हणून सत्र संपलं की सगळं पीडीएफ किंवा साध्या फाइलमध्ये उतरवून ठेवा.

नवीन टूल वर्गात आणण्याआधी ते विद्यार्थी म्हणून उघडा, दुसऱ्या अकाउंटने, फोनवर, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर. लॉगिन मागतं का, वयाची अट आहे का, छोट्या स्क्रीनवर बटण बोटाखाली येतं का, हे सगळं तिथे कळतं, शिक्षकाच्या लॅपटॉपवर कधीच कळत नाही. सुरुवातीला व्हिडिओ कॉल, एक डॉक्युमेंट आणि सगळ्या लिंक्स ठेवायची एक जागा, एवढंच घ्या, मुलांचा हात बसला की मग एकेक वाढवा.

आणि त्या डॉक्युमेंटच्या अगदी वरती एक ओळ कायम लिहून ठेवा, माझं नेट गेलं तर कुठला भाग करत राहायचा आणि किती वेळाने परत जॉइन व्हायचं. एखाद्या जबाबदार विद्यार्थ्याला को-होस्ट (मीटिंग चालवायचे अधिकार असलेला दुसरा माणूस) करून ठेवलं तर तुम्ही बाहेर फेकले गेलात तरी मीटिंग चालू राहते आणि गटांचं काम थांबत नाही.