चष्म्याच्या नंबरचा कागद कसा वाचायचा

सांगलीत नाहीतर मिरजेला डोळे दाखवून आलं की हातात एक कागद येतो, तो आपण न बघताच चष्म्याच्या दुकानात देतो आणि घरी कुणी विचारलं तर सांगतो "दीड आलाय". दीड म्हणजे काय ओ, प्लस का मायनस, कुठल्या डोळ्याला, लांबचा का जवळचा? कायच पत्ता नाय.

पहिलं म्हणजे हातात कुठला कागद आहे ते बघा. मशीनवर हनुवटी टेकवून आतलं चित्र बघायला लावतात, त्यातनं दुकानाच्या बिलासारखी बारकी चिठ्ठी निघते, तो फायनल नंबर नव्हे, मशीनचा अंदाज आहे. त्यानंतर काचा बदलत "ही बरी का ती बरी" असं विचारून जो लिहून देतात तो खरा. लहान पोरं मशीनमध्ये बघताना डोळ्यावर ताण देतात त्यामुळं बरेचदा मायनस उगाच जास्त येतो, म्हणून त्यांना ड्रॉप टाकून तपासतात. त्या चिठ्ठीवर पोराचा चष्मा करू नका.

आता खरा कागद. आरई किंवा ओडी म्हणजे उजवा डोळा, एलई किंवा ओएस म्हणजे डावा (ओडी-ओएस लॅटिनमधनं आलंय). उजवा म्हणजे तुमचा उजवा, समोरच्याचा नाय.

एसपीएच म्हणजे स्फेरिकल, मेन नंबर. मायनस असला तर लांबचं धूसर, स्टँडवर एसटीची पाटी वाचता येत नाय. प्लस असला तर आधी जवळचं जड जातं, नंबर मोठा असेल तर लांबचंही. नंबर पाव-पावनं वाढतो, ०.२५, ०.५०, ०.७५ असा, आणि त्याला डायॉप्टर म्हणतात. मायनसवाल्यांसाठी सोपा हिशोब आहे, १ ला नंबरनं भागा, तेवढ्या मीटरपर्यंतच चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं. -२.०० असेल तर अर्धा मीटर, -४.०० असेल तर २५ सेंटीमीटर. पीएल किंवा प्लेनो लिहिलं असेल तर तिथं नंबर शून्य.

सीवायएल आणि ॲक्सिस ह्या जोडीला लोक लय घाबरतात. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग सगळीकडनं सारखा गोल नसला की एका दिशेच्या रेषा स्पष्ट आणि दुसऱ्या पुसट दिसतात, त्यासाठी हा सिलेंड्रिकल नंबर. तो किती ते सीवायएल सांगतं, कुठल्या कोनात बसवायचा ते ॲक्सिस. ॲक्सिस १ ते १८० मध्येच असतो आणि १७० लिहिलं म्हणून डोळे जास्त खराब असं काय नसतं, तो नुसता कोन आहे. पण काच बसवताना तो चुकला तर नंबर बरोबर असूनही डोकं दुखतं. १० अंश चुकलं तर सिलेंडरचा साधारण एक तृतीयांश फायदा गेला, ३० अंश चुकलं तर सगळाच.

दोन डॉक्टरांचे कागद वेगळे दिसले म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. एकानं -१.००, सीवायएल -०.५०, ॲक्सिस १८० लिहिलं आणि दुसऱ्यानं -१.५०, सीवायएल +०.५०, ॲक्सिस ९०, तर दोन्ही नंबर एकच. एकाच कागदावरच्या एसपीएच आणि सीवायएलची बेरीज केली की नवा एसपीएच, सीवायएलचं चिन्ह उलटं, ॲक्सिसमध्ये ९० चा फरक. करून बघा.

ॲड म्हणजे चाळिशीचा नंबर, तो लांबच्या नंबरात मिळवायचा असतो. लांबचा -१.००, ॲड +२.०० तर वाचायचा नंबर +१.००. लांबचा -२.०० आणि ॲड +२.०० असेल तर वाचायचा नंबर शून्य, म्हणून तर काही आजोबा चष्मा कपाळावर सरकवून पेपर वाचतात. घोळ असा की काही कागदांवर जवळच्या ओळीत नुसता ॲड लिहितात, काहींवर बेरीज करून, तेव्हा नुसता वाचायचा चष्मा करणार असाल तर कुठलं आहे ते विचाराच.

६/६, एन६ हे नंबर नव्हेत, चष्मा लावून किती वाचता आलं त्याची नोंद आहे. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, मोठ्या माणसांचं साधारण ६० ते ६५ च्या आसपास. कागदावर बरेचदा नसतंच, ऑनलाइन चष्मा मागवणार असाल तर मोजून लिहून घ्या.

चष्मा तयार झाला की दुकानातल्या लेन्समीटरवर काचा लावून आकडे दाखवा म्हणायचं, आणि कागदाशी एकेक आकडा जुळवायचा, खास करून ॲक्सिस. सांगलीच्या हरभट रोडवर गर्दीच्या दिवशीसुद्धा एवढं दोन मिनिटाचं काम आहे, लाजायचं काय त्यात.

शुगरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, शुगर वरखाली होत असली की नंबरही हलतो, तेव्हा ती आटोक्यात आल्यावर तपासा. आणि साठीनंतर "माझा जवळचा चष्मा सुटला" म्हणून खूश होणाऱ्यांनी मोतीबिंदू बघून घ्या, त्यात मायनस वाढतो म्हणून जवळचं दिसायला लागतं.