जुन्या मॉडेल किटचे डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) पाण्यात फुटतात? माझा अनुभव
१:७२ म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या नॅट विमानाच्या मॉडेलचं जुनं किट. डेकल पाण्यात टाकलं की वायुदलाच्या केशरी-पांढऱ्या-हिरव्या चकतीच्या चिंध्या! गरम पाणी, फेविकॉलचं पाणी, सगळं करून जीव मेटाकुटीला आला.

जमलं ते असं. आधी कोरड्या शीटवर पारदर्शक ॲक्रिलिक लॅकरचे २ पातळ हात फवारले, तेही सकाळी लवकर. आमच्या दारव्ह्याकडे मे महिन्यात दुपारी लॅकर हवेतच वाळून खरखरीत बसतं. रात्रभर वाळू दिलं. लॅकरने शीट एकसंध होते, म्हणून प्रत्येक चिन्ह कडेला लागून वेगळं कापलं. पाण्यात १० सेकंद बुडवून ओल्या फडक्यावर ठेवलं, आपोआप सुटेपर्यंत. ओल्या ब्रशने पंखावर सरकवलं, मधून कडेकडे पाणी टिपलं. पंखावर आधी चकचकीत क्लिअर कोट हवाच, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात.