लॅमिंग्टन रोडला निघण्याआधी: एसएसडी घ्यायची की प्रोसेसर?

जुना असेंबल पीसी रखडायला लागला आणि हातात एकाच पार्टपुरते पैसे असले की प्रश्न ठरलेला: एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान ड्राइव्ह) टाकावी की प्रोसेसर बदलावा? ठाण्यात नौपाड्यातल्या दुकानात विचारा, नाहीतर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात विचारा, दुकानदार त्याच्याकडे जे आहे ते दाखवणार. तो तुमचा पीसी कुठे अडतोय हे तिथे उभ्या उभ्या सांगू शकत नाही. ते तुम्हीच घरून बघून निघायचं.

त्यासाठी आदल्या दिवशी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यात परफॉर्मन्सवर जा आणि अर्धा तास रोजचंच काम करा: टॅली, क्रोममधले पंधरा-वीस टॅब, व्हिडिओ एक्स्पोर्ट, गेम, जे काही असेल ते. काम अडकतं त्या क्षणी डिस्क शंभर टक्क्यांवर आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) निवांत असेल, तर दोष स्टोरेजचा. सीपीयू शंभरला टेकलाय आणि डिस्क रिकामी बसलीय, तर प्रोसेसरचा. पण निष्कर्ष काढण्याआधी मेमरीचा आकडाही बघा. मेमरी म्हणजे रॅम. ती भरली की विंडोज डिस्कचाच मेमरीसारखा वापर करतं, त्यामुळे दोष रॅमचा असताना शंभर टक्के डिस्क दिसते. आठ जीबीच्या पीसीवर हे सर्रास होतं, आणि तिथे आधी रॅम वाढवायची. गेम खेळणाऱ्यांनी सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोर (प्रोसेसरच्या आतला स्वतंत्र भाग) वेगळा बघावा. एकूण आकडा चाळीस टक्के दिसतो आणि एखादा कोर मात्र पूर्ण दमलेला असतो. ग्राफिक्स कार्ड ९८-९९ टक्क्यांवर असेल, तर एसएसडी किंवा प्रोसेसर बदलून एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) फारसा हलणार नाही.

मग विंडोज कशावर आहे ते बघा. सी ड्राइव्ह अजून हार्ड डिस्कवर असेल तर पुढची चर्चाच नको, एसएसडी घ्या. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक छोटी फाइल गाठायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास. पीसी सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली वाचल्या जातात, म्हणून साध्या सॅटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) एसएसडीनेही जुना पीसी जागा होतो. सॅटा सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई ही नवी वेगवान जोडणी, तिची जेन ३ (तिसरी पिढी) ३५०० आणि जेन ४ सुमारे ७००० पर्यंत. आकडे खरे आहेत, पण ते मोठी फाइल सलग वाचतानाचे. लग्नाचं फोरके फुटेज रोज इकडून तिकडे हलवणाऱ्याला त्याचा फायदा होतो. टॅली आणि एक्सेलवाल्याला सॅटा आणि जेन ४ मधला फरक जाणवत नाही. म्हणून विंडोज आधीच एसएसडीवर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आणखी वेगवान ड्राइव्हमागे लागू नका, पैसे प्रोसेसरसाठी ठेवा.

प्रोसेसरचा खर्च मात्र मदरबोर्डावर, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या बोर्डावर ठरतो. सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून मदरबोर्डचं नाव आणि बायॉसची (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती लिहून घ्या. एएमडीच्या बी४५० बोर्डावर (त्याचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, एएम४) राय्झन २००० मालिकेतला प्रोसेसर असेल तर तुम्ही नशीबवान: बायॉस अपडेट करून राय्झन ५ ५६०० त्याच बोर्डावर, त्याच रॅमसह चालतो. हे अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचं, आणि पावसाळ्यात वीज जाते म्हणून यूपीएसवर. इंटेलच्या सातव्या पिढीवाल्यांचं तसं नाही. आठव्या पिढीचा सॉकेटही ११५१ च आहे, पण जुन्या बोर्डावर तो प्रोसेसर चालत नाही. म्हणजे प्रोसेसरबरोबर बोर्डही आला. बाराव्या पिढीपासूनच्या एलजीए १७०० सॉकेटचे डीडीआर४ रॅम घेणारे बोर्डही मिळतात. असा बोर्ड मागितला तर जुनी डीडीआर४ रॅम वापरता येते. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालते, तेव्हा रॅमचाही खर्च धरा.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट (सुरक्षेच्या अपडेटसह) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, एक-दोन अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी आणि राय्झन २००० पासून पुढचेच प्रोसेसर आहेत. ज्या पीसीवर बँकेचे आणि जीएसटीचे व्यवहार होतात, तिथे यासाठीच प्रोसेसर बदलावा लागू शकतो.

एसएसडी ठरली तर बोर्डाचं मॅन्युअल उघडून एम.२ स्लॉट (ड्राइव्ह थेट बोर्डावर बसते ती खाच) एनव्हीएमई घेतो की फक्त सॅटा, ते वाचा. काही बोर्डांवर तो स्लॉट वापरला की एक-दोन सॅटा पोर्ट बंद पडतात, तळटीपेत लिहिलेलं असतं. जेन ३ स्लॉटमध्ये जेन ४ ड्राइव्ह चालते, पण जेन ३ च्याच वेगाने. ड्राइव्ह पकडणारा बारीक स्क्रू बोर्डाच्या खोक्यात होता. तो आत्ताच शोधा, नाहीतर त्याच खेपेत विकत आणा.

प्रोसेसर ठरला तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमध्ये लावायची) यादीत लिहा. एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका, सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो. आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. बोर्डच बदलणार असाल तर विंडोजचं लायसन्स आधी मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर, एसएसडी असो की प्रोसेसर, त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, आणि सगळ्या डेटाचा बॅकअप पीसीबाहेरच्या डिस्कवर हवा.

खरेदीला शनिवारी सकाळी निघा. रविवारी लॅमिंग्टन रोडवरची बरीचशी दुकानं बंद असतात. भाव विचारताना १८ टक्के जीएसटी धरून विचारा आणि पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तेच लागतं. पावसाचे दिवस असतील तर खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये ठेवा. घरी आल्यावर नव्या पार्टवर तेच अर्ध्या तासाचं काम करून टास्क मॅनेजर पुन्हा बघा, आणि नवी ड्राइव्ह दोन-तीन आठवडे नीट चालल्याशिवाय जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करू नका.