रिव्हर्स मायसेलमध्ये झिंकचा फ्लुओरेसन्स कसा मोजाल

एओटी हा सर्फॅक्टंट (साबणासारखा पदार्थ) आयसोऑक्टेन या पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवात विरघळवून थोडं पाणी सोडलं की एओटीने वेढलेले पाण्याचे काही नॅनोमीटरचे थेंब तयार होतात. हेच रिव्हर्स मायसेल. झिंक एका लिगंडशी, म्हणजे धातूला धरणाऱ्या रेणूशी, जोडलं गेलं की प्रकाश टाकल्यावर चमकतं. ही चमक म्हणजे फ्लुओरेसन्स. थेंबाचा आकार डब्ल्यू-शून्य ठरवतो, म्हणजे पाण्याचे मोल भागिले एओटीचे मोल.

मेणासारखा एओटी हवेतलं पाणी ओढतो, म्हणून आधी व्हॅक्यूममध्ये रात्रभर सुकवा. 1.11 ग्रॅम घेऊन आयसोऑक्टेनने 25 मिलिलिटर करा, हे 0.1 मोलर झालं. त्याचे 10-10 मिलिलिटरचे दोन भाग करा.

पहिल्यात 1 मिलिमोलर झिंक सल्फेटचं पाणी 180 मायक्रोलिटर टोचा, म्हणजे डब्ल्यू-शून्य 10 होतो. दुसऱ्यात लिगंड, म्हणजे 8-हायड्रॉक्सीक्विनोलिन-5-सल्फोनिक आम्ल, 5 मिलिमोलर, 100 मिलिमोलर हेपेसमध्ये (पीएच स्थिर ठेवणारा बफर), तेवढंच. पीएच 8 लिगंड विरघळल्यावर लावा, कारण तो स्वतः आम्ल आहे. बफर झिंकमध्ये मात्र घालू नका: पीएच 8 ला एवढं झिंक हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. टोचल्या टोचल्या द्रावण दुधाळ दिसेल, हलवलं की काचेसारखं स्वच्छ. तसंच गढूळ राहिलं तर मोजू नका.

आता दोन्ही समप्रमाणात मिसळा. डब्ल्यू-शून्य 10 ला बहुतेक थेंबांत झिंकचा एकही आयन नसतो. थेंब आदळून क्षणभर एक होतात तेव्हाच झिंक आणि लिगंड भेटतात. हे मिलिसेकंदांत होतं, तरी तापमान 25 अंशांवर स्थिर होऊ द्या.

झाकणाच्या क्वार्ट्झ क्युवेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक कुपीत) 370 नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजित करा. झिंक-संयुगाचा हिरवट पट्टा 510च्या आसपास दिसेल. 414ला दिसणारं टोक आयसोऑक्टेनचं रामन आहे, म्हणजे द्रावकाने विखुरलेला प्रकाश, फ्लुओरेसन्स नव्हे. खात्रीसाठी 360ने उत्तेजित करा: रामन 402ला सरकतं, संयुगाचा पट्टा जागचा हलत नाही. 370ला शोषण 0.1 च्या आत ठेवा.

झिंक न घातलेला ब्लँकही चमकला तर काचसामान किंवा रबर तपासा. तिथून झिंक येतं. क्युवेटमधल्या 2 मिलिलिटरमध्ये पीएच 8 चं 100 मिलिमोलर ईडीटीए (झिंक लिगंडकडून काढून घेणारं रसायन) 2 मायक्रोलिटर टोचा. चमक विझली तर ती झिंकचीच होती.

सगळ्यात जास्त घोळ डब्ल्यू-शून्य बदलताना होतो. 20 साठी पाणी 360 मायक्रोलिटर लागतं. झिंक 1 मिलिमोलरच ठेवलं तर एकूण झिंक दुप्पट होतं आणि वाढलेली चमक थेंबाच्या आकाराची वाटते. एकूण झिंक, लिगंड आणि हेपेस तेवढेच ठेवायचे तर तिन्हींची संहती (द्रावणातलं प्रमाण) निम्मी करा, म्हणजे झिंक 0.5 मिलिमोलर, लिगंड 2.5, हेपेस 50. पण मग थेंबातल्या पाण्यातली संहती बदलते. त्यामुळे दोन्ही मालिका करा: एकीत थेंबातली संहती तीच, दुसरीत एकूण प्रमाण तेच. शिवाय झिंक एओटीच्या सल्फोनेटलाही चिकटतं. साध्या पाण्यातला बंधनस्थिरांक, म्हणजे झिंक लिगंडला किती घट्ट धरतं त्याचा आकडा, इथे लावू नका.