ढगाची उंची नको, मुक्काम मोजा

आकस्मिक पुराचा अंदाज शिकायला बसलेल्यांची नजर पहिल्यांदा ढगाच्या उंचीवर जाते. उपग्रहचित्रात ढगाचा माथा उणे ७५ अंश सेल्सियसचा, म्हणजे फार थंड आणि उंच दिसला की घाबरगुंडी. वास्तविक ओढा फुगतो तो ढग किती वेळ एका जागी बसला त्यावर. पावसाचा गाभा १० किलोमीटर रुंद आणि जोर तासाला १०० मिलिमीटर धरा. ताशी ५४ किलोमीटरने धावणारा ढग एका गावावर ११ मिनिटांत १८ मिलिमीटर पाडतो. तोच ताशी १८ ने सरकला, तर ३३ मिनिटांत ५५.

सुरुवात पहाटे साडेपाचच्या हवामान-बलूनच्या नोंदीपासून करा. टी-फाय ग्रामवर (बलूनने मोजलेलं तापमान, बाष्प आणि वारा उंचीनुसार दाखवणारा तक्ता) ८५० ते ३०० हेक्टोपास्कल दाबाच्या, म्हणजे साधारण दीड ते साडेनऊ किलोमीटर उंचीच्या थरातला सरासरी वारा काढा. सेकंदाला ५ मीटरच्या आसपास किंवा कमी असेल तर सावध व्हा. हवेच्या स्तंभातलं एकूण बाष्प ५० मिलिमीटरच्या वर आहे का? ढगाचा तळ आणि शून्य अंशाची पातळी यांत ३-४ किलोमीटरचं अंतर आहे का? असेल तर थेंब बर्फाविना वाढतात आणि माथा फारसा थंड नसतानाही मुसळधार पडते. मधल्या थरात हवा कोरडी असेल तर बरंच पाणी वाटेतच सुकतं, थंड झोत ढगाला पुढे ढकलतात. वादळी वारा जास्त, पूर कमी.

इथे नवशिक्यांची हमखास फसगत होते: सरासरी वारा बरा आहे, म्हणजे ढग निघून जाईल, असं ते गृहीत धरतात. समजा तो वारा पश्चिमेकडून सेकंदाला ६ मीटर आहे आणि ८५० हेक्टोपास्कलचा, बाष्प आणणारा वारा पश्चिमेकडूनच ८ मीटर. जुने ढग पूर्वेला जातात, पण नवे पश्चिमेच्या कडेला उगवतात. सहातून आठ वजा: अख्खा समूह सेकंदाला २ मीटरने मागे येतो, म्हणजे जवळपास ठाण मांडतो. म्हणून रडारवर एकच चित्र पाहू नका, किमान तासाभराची चित्रं फिरवून नवा ढग कुठे फुटतो ते बघा.

रडारचे आकडेही जपून घ्यावेत. ५० डीबीझेड परावर्तनाला (थेंबांवरून रडारकडे परतणाऱ्या लहरींचं माप) त्यावरून पाऊस काढणारं मार्शल-पामर सूत्र तासाला सुमारे ४९ मिलिमीटर देतं, उष्ण कटिबंधाचं सूत्र १४७. तिप्पट फरक! बाष्पाने भरलेल्या दिवशी दुसरं वापरा. गारा असतील तर दोन्ही फुगवून सांगतात. शिवाय मुंबईच्या रडारची क्षितिजापासून अर्धा अंश वर रोखलेली शलाका १२० किलोमीटरवर पोचते तेव्हा जवळपास २ किलोमीटर वर असते. त्याखाली वाढलेला पाऊस तिला दिसत नाही. घाटाआड तर त्याहून कमी. दर १५ मिनिटांच्या स्वयंचलित पर्जन्यमापकाशी ताडून पाहिल्याशिवाय आकडा पुढे पाठवू नये.

मग नकाशा उघडा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला. कात्रजच्या टेकड्यांवर पडलेलं पाणी दाट वस्तीतून मुठेला जातं. अशा एखाद्या ओढ्याचं पाणलोट १० चौरस किलोमीटर आणि तासात ८० मिलिमीटर पाऊस धरला, त्यातलं ७० टक्के पाणी तेवढ्याच वेळात वाहिलं, तर प्रवाह सरासरी १५५ घनमीटर प्रतिसेकंद. धरणाच्या भाषेत साडेपाच हजार क्युसेक, तेही मोरी आणि भिंतीत कोंडलेल्या ओढ्यात! आधीच्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर जमीन फारसं पिणार नाही.

इशाऱ्यात २४ तासांच्या पावसाची श्रेणी एकटी लिहू नका. महसूल खात्याची अतिवृष्टी २४ तासांत ६५ मिलिमीटरला ठरते. तेवढाच पाऊस दिवसभर रिपरिपत पडला तर शेत भिजतं, पाऊण तासात पडला तर मोटारी वाहतात. लिहा: अमुक ओढ्याच्या वरच्या भागात पुढच्या तासात ६० ते ८० मिलिमीटर, काठच्या वस्त्या आणि सखल पूल आत्ताच रिकामे करा, पुढची माहिती अर्ध्या तासाने.