रेकॉर्ड प्लेयरची सुई झिजली, वाकली की नुसतीच तिरकी बसली?

गाण्यातले ‘स’, ‘श’, ‘च’ चरचरू लागले, द्रुत तानेतले सूर सुटे ऐकू येईनासे झाले, की बहुतेकांचा हात आधी काउंटरवेटकडे, म्हणजे टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या लांब दांड्याच्या) मागच्या वजनाकडे जातो. ते काम सगळ्यात शेवटी करायचं. आधी सुई नीट बघा. सुईच्या टोकाचा हिरा झिजलाय, त्याला धरणारा बारीक दांडा, म्हणजे कॅन्टिलिव्हर वाकलाय, की दोन्ही धड असून कार्ट्रिजच (सुई बसते तो छोटा ठोकळा) हेडशेलमध्ये (टोनआर्मच्या पुढच्या टोकाला) कलंडलंय, हे डोळ्यांनी ठरवता येतं. क्रम चुकवू नका. झिजलेल्या सुईचा कोन ‘दुरुस्त’ केला तर रेकॉर्डचं नुकसान वाढतं. का ते खाली येईलच.

सामान फार लागत नाही: घड्याळजी डोळ्याला लावतात तसं १० पट भिंग, एक अरुंद झोताची बॅटरी, २ मिलिमीटर जाडीच्या आरशाचा तुकडा, आडव्या रेघा मारलेलं कार्ड, मऊ ब्रश आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, सुईचा भार मोजायचा वजनकाटा. झीज मात्र भिंगातून दिसत नाही, तिला मायक्रोस्कोपच हवा. यूएसबीवाला चालतो, पण खोक्यावर छापलेल्या ‘१००० पट’वर जाऊ नका. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असते. खऱ्या २०० पटीत ते टोक हरभऱ्याएवढं दिसतं, तेवढं पुरे.

सुई आधी साफ करा. हिऱ्याभोवती साचलेला मळाचा गोळा आवाज अगदी झिजलेल्या सुईसारखाच खराब करतो. पावसाळ्यात बुरशी धरलेली रेकॉर्ड न धुता लावली तर दोन बाजूंतच सुईला दाढी येते. ब्रश मागून पुढे, म्हणजे कॅन्टिलिव्हरच्या बुडाकडून टोकाकडे ओढायचा. आडवा कधीच नाही आणि उलटाही नाही. वाकलेल्या कॅन्टिलिव्हरमागे बरेचदा आडवं फिरलेलं फडकं असतं. चिकट थर निघत नसेल तर ब्रशच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओलावा द्या. थेंब कॅन्टिलिव्हर ज्यात रोवलेला असतो त्या बुडाच्या रबरापर्यंत पोचता कामा नये. (तीच बाटली घेऊन ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डी पुसायला जाऊ नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.)

आता प्लेयरचा प्लग काढा आणि १० पट भिंगातून समोरून बघा. कॅन्टिलिव्हर कार्ट्रिजच्या मध्यरेषेत सरळ पुढे यायला हवा. डावी-उजवीकडे किंचित कल असला तर कार्ट्रिजचा चौकोन नव्हे, कॅन्टिलिव्हर प्रोट्रॅक्टरच्या (कार्ट्रिज बसवताना वापरायच्या रेघांच्या तक्त्याच्या) रेघांशी जुळवून घेता येतो. मधेच कोपर निघालं असेल तर मात्र ती सुई गेली. चिमट्याने सरळ करायला गेलात तर ॲल्युमिनियमची नळी त्याच जागी दमते आणि तुटते. बोरॉनचा दांडा तर वाकतच नाही, थेट मोडतो.

बाजूने बघताना रबराचा अंदाज घ्या. न वापरायच्या रेकॉर्डवर, तबकडी थांबलेली असताना, सुई टेकवा. कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला जवळजवळ चिकटत असेल तर एकतर भार जास्त आहे किंवा रबर बसलंय. काट्यावर मोजून खात्री करा. उदाहरणार्थ, कार्ट्रिजांपैकी ऑर्टोफॉन २एम रेडला १.८ ग्रॅम आणि ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ईला २ ग्रॅम भार सांगितलेला आहे. भार बरोबर असूनही पोट टेकत असेल तर रबर मेलेलं आहे. उलट, टेकवताना कॅन्टिलिव्हर अजिबात दबत नसेल तर रबर कडक झालंय. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या प्लेयरची ही नेहमीची गत: हिरा जवळजवळ नवा, रबर दगड.

झीज बघण्यात सगळी करामत उजेडाची आहे. निघणारी सुई असेल तर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दिशेने ती काढा, नाहीतर हेडशेलच काढून उलटं ठेवा. मायक्रोस्कोप समोरून धरा आणि बॅटरी एका बाजूने साधारण ४५ अंशांत आणून हळूहळू फिरवा. रेकॉर्डमधल्या खाचेच्या दोन्ही भिंती ४५ अंशांत कापलेल्या असतात, म्हणून हिराही तिथेच घासला जातो. नव्या गोल सुईवर प्रकाशाचा बारीक ठिपका पडतो आणि बॅटरीबरोबर तो अलगद सरकतो. झिजलेल्या सुईवर तो सरकत नाही. ठरावीक कोनात एक लांबट चकती एकदम लखकन चमकते आणि कोन बदलताच विझते. ती चकती म्हणजे घासून सपाट झालेला भाग. दुसऱ्या बाजूनेही असंच बघा.

लंबवर्तुळी सुईला पुढून-मागून कारखान्यातच पैलू पाडलेले असतात. ते चमकले म्हणून घाबरायचं कारण नाही. झीज बघायची ती कडेच्या बाजूंना.

दोन्ही चकत्या सारख्या असतील तर सुईने आपलं आयुष्य नीट काढलंय. एकच मोठी असेल तर ती कोणत्या बाजूची ते बघा. सुई प्लेयरवर असताना आपण समोरून पाहतो तेव्हा डावीकडची भिंत आतली, मधल्या खुंटीकडची. तिच्यात डावा चॅनल असतो, बाहेरच्या भिंतीत उजवा. आतल्या बाजूची चकती मोठी असेल तर बहुतेक वेळा अँटीस्केटिंग (टोनआर्म आत ओढला जाऊ नये म्हणून त्याला दिलेला बाहेरचा ताण) कमी पडलंय किंवा कार्ट्रिज एका अंगाला कललंय. अँटीस्केटिंगचं चालू रेकॉर्डवरही कळतं. सुई खाचेत उतरताच कॅन्टिलिव्हर कार्ट्रिजच्या मानाने बाहेर ओढल्यासारखा दिसला तर अँटीस्केटिंग कमी, आत ओढल्यासारखा दिसला तर जास्त.

इथेच मोह आवरायचा. झिजून पडलेल्या सपाट भागाला धारदार कडा असतात. सुई जुन्याच कोनात चालते तोवर भिंत त्या सपाट जागेवर टेकते. कोन बदललात की धार भिंतीला लागते आणि सुईची छिन्नी होते. म्हणून चकती दिसली की आधी नवी सुई, मग कोन.

कोन बघायला आरसा. मॅट काढून आरसा तबकडीवर ठेवा, तबकडी एका हाताने घट्ट धरा आणि लिफ्टने सुई आरशावर उतरवा. अगदी आरशाच्या पातळीला डोळा आणून समोरून बघा. कार्ट्रिजची कड आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ उभ्या रेषेत आलं तर बरोबर. मोडलेल्या काडीसारखं दिसलं तर कार्ट्रिज कललंय. आरसा चूक दुप्पट करून दाखवतो: १ अंशाचा कल २ अंशांच्या मोडीसारखा दिसतो, त्यामुळे अर्ध्या अंशाची चूकही डोळ्यांत भरते. हेडशेल फिरवायची सोय असेल तर ते फिरवा. नसेल तर एका बाजूच्या स्क्रूखाली कागद घाला. दोन स्क्रूंमध्ये १२.७ मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे साध्या छपाईच्या कागदाच्या दोन पट्ट्या, म्हणजे ०.२ मिलिमीटर, घातल्या की सुमारे ०.९ अंशाचा फरक पडतो. कार्ट्रिज सरळ आणि आतला कॅन्टिलिव्हरच पिळलेला असेल तर कॅन्टिलिव्हरकडे बघून जुळवायचं. पीळ फार असेल तर नवी सुई असली तरी परत करावी.

पुढे-मागे असलेल्या कलाचा लोक उगाच धसका घेतात. टोनआर्मच्या बाजूला रेघांचं कार्ड उभं धरा. सुई रेकॉर्डवर असताना कार्ट्रिजची वरची कड रेघांना समांतर आली की बहुतेक सुयांना पुरतं. ९ इंची टोनआर्मचं मागचं टोक ४ मिलिमीटर उचललं तेव्हा कुठे १ अंश बदलतो. मग १८० ग्रॅमची जाड रेकॉर्ड लावताना दर वेळी उंची बदलण्यात काय हशील? गोल सुईला तर यात काहीच कळत नाही. मायक्रोलाइन किंवा शिबाता (हिऱ्याला खास बारीक आकार दिलेली) सुई असेल तरच या कोनावर वेळ घालवा.

एवढं करूनही आवाज फाटत असेल तर तो कुठे फाटतो ते ऐका. बाजूच्या सुरुवातीला स्वच्छ आणि लेबलजवळ येताना खराब होत असेल तर संशय ओव्हरहँग (सुई मधल्या खुंटीच्या किती पुढे जाते ते अंतर) आणि प्रोट्रॅक्टरच्या जुळणीवर. पहिल्या खाचेपासूनच सगळ्या रेकॉर्डी फाटत असतील तर सुईवर. एकाच रेकॉर्डला त्रास असेल तर ती रेकॉर्डच बहुधा आधीच्या कुणाच्या तरी झिजलेल्या सुईने खरवडलेली आहे. एकच चॅनल वाईट असेल तर ॲम्प्लिफायरच्या मागे प्लेयरकडून येणाऱ्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करा. दोष दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर तो प्लेयरकडचा.

७८च्या रेकॉर्डींसाठी वेगळी, साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई ठेवा. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि लाखेतल्या भुकटीवर लवकर घासली जाते. जुन्या प्लेयरांच्या कार्ट्रिजला ७८ आणि एलपी अशी उलटायची कळ असते, तिच्या दोन्ही सुया तपासा.

नवी सुई बसवली की त्याच दिवशी मायक्रोस्कोपखाली दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला तेच कामी येतात. ऑडिओ-टेक्निका आपल्या लंबवर्तुळी सुईला ३०० तास, गोल सुईला ५०० आणि मायक्रोलाइनला १००० तास देते. एलपीची एक बाजू २० मिनिटांची धरली तर ३०० तास म्हणजे ९०० बाजू. झाकणाच्या आत कागद चिकटवा, बाजू संपली की त्यावर एक उभी रेघ मारा, आणि ५००व्या रेघेपासून दर १०० रेघांनी मायक्रोस्कोप काढा.